मामासूचक: गाडीतल्या कॅमेरा-इशारा यंत्राच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

चलन आलं.

आधी वाटलं फसवणूक आहे. ‘तुमचं चलन थकलंय, हे अ‍ॅप उतरवा’ म्हणत एपीके फाइल चिकटवणाऱ्यांचा हल्ली सुळसुळाट झालाय. म्हणून मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ई-चलनाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकला. खरंच होतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, बोरघाट, मुंबईकडे उतरताना. मर्यादा ६०, माझा वेग ७४. फोटो इतका स्वच्छ की बंपरवरचा, सोसायटीच्या खांबाने दिलेला ओरखडाही ओळखू येतो.

भांडायला जागा नाही. फक्त एक गोष्ट खटकली: त्या वेळी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हताच. चौथ्या गिअरमध्ये गाडी उतारावर आपली आपण धावत होती आणि मी शेजारच्या ट्रकवर डोळा ठेवून होतो. काट्याकडे बघायचं राहून गेलं.

दर शनिवारी रावेतहून पनवेलला आईकडे जातो, रविवारी परत. वर्षाला शंभरेक वेळा हा घाट. तेव्हा एक छोटं यंत्र करायचं ठरवलं, पुढे कॅमेरा असला की आधी ओरडणारं. नाव लगेच सुचलं. समोरून येणाऱ्याने दिवे उघडझाप केले की ‘पुढे मामा उभे आहेत’ हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. मामासूचक.

२१ जून, शनिवार

पनवेल रद्द, आज पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली. आणलेलं सामान: ईएसपी३२ बोर्ड (यंत्राचा मेंदू), निओ-६एम जीपीएस मॉड्यूल आणि त्याचा चौकोनी सिरॅमिक अँटेना, पाऊण इंचाच्या आसपासचा ओएलईडी पडदा, बझर, गाडीच्या बारा व्होल्टचे पाच करणारा बक कन्व्हर्टर, मेमरी कार्डाचं सॉकेट. सगळं मिळून बाराशेच्या आत. पार्किंगचे वेगळे.

घरून प्रश्न आलाच: गूगल मॅप्स कॅमेऱ्याचं चिन्ह दाखवतं की, मग हे कशाला? दाखवतं, मान्य. पण फोनवर ऐन घाटात बँकेच्या कर्जाचा कॉल येतो. आणि खरं कारण म्हणजे हौस. ते सांगितल्यावर प्रश्न संपले.

परदेशात मिळणाऱ्या रडार डिटेक्टरचा विचार पाच मिनिटं केला आणि सोडला. तो वेग मोजणाऱ्या रडारच्या, २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी हुंगतो. त्याच पट्ट्यात मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे असतात आणि कित्येक गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट दाखवणारे सेन्सरही. दिवसभर भुंकत राहील. पोलिसांच्या लेझर गनचा झोत इतका अरुंद असतो की डिटेक्टरला तो कळेपर्यंत आपला वेग मोजूनही झालेला असतो. शिवाय जो कॅमेरा फक्त नंबरप्लेट वाचून वेळ टिपतो, तो कसलीच लहर सोडत नाही. तिथे हुंगायचं काय? तेव्हा आपण कुठे आहोत हे उपग्रहाला विचारायचं आणि कॅमेऱ्यांची यादी जवळ बाळगायची, एवढंच सरळ.

२२ जून, रविवार

गच्चीवर मॉड्यूल जोडून बसलो. पहिल्यांदा उपग्रह सापडायला चार मिनिटं लागली. कागदावर ही वेळ अर्धा मिनिट आहे. मॉड्यूलवर एक चिमुकला सेल असतो, तो मागच्या वेळची माहिती जपून ठेवतो म्हणून दुसऱ्या खेपेला उपग्रह लवकर सापडतात. माझ्या मॉड्यूलचा सेल मेलेला निघाला. बदलून मिळणार नाही हे दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, त्यामुळे गेलोच नाही. बाहेरून तीन व्होल्टचा बटन सेल डायोडमधून जोडला.

संध्याकाळी गाडीत ठेवून रावेत ते किवळे एक फेरी मारली. काटा ६० वर, पडदा म्हणतोय ३१. जीपीएस वेग सागरी मैलांत देतो हे वाचलं होतं आणि विसरलोही होतो. १.८५२ ने गुणल्यावर ५७ आले. उरलेला तीनचा फरक गाडीच्या काट्याचा. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा दंडक असल्याने कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. जीपीएस वेग काढतो तो दोन ठिकाणांमधल्या अंतरावरून नाही. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता किती सरकली यावरून. त्यामुळे सरळ रस्त्यावर एकसारखं चालवत असाल तर त्याच्यावर काट्यापेक्षा जास्त भरवसा ठेवावा.

२८ जून, शनिवार

आजचा दिवस एका ओळीने खाल्ला.

सोसायटीच्या फाटकाला कॅमेरा मानलं आणि यंत्र हातात धरून चालत सुटलो. पडदा म्हणतो: अंतर शून्य. आणखी थोडं चाललो, शून्य. आणखी चाललो आणि एकदम २.२ किलोमीटर. दोन पावलं मागे, परत शून्य. वॉचमनने दोनदा विचारलं, काही हरवलंय का.

अंतरासाठी मी गोलावरच्या त्रिकोणांचं कोसाइनचं सूत्र घेतलं होतं आणि आकडे ठेवले होते ‘फ्लोट’मध्ये, म्हणजे कमी जागेत, कमी नेमकेपणाने आकडा साठवणाऱ्या प्रकारात. जवळच्या दोन बिंदूंमध्ये त्या कोनाचा कोसाइन एकाला इतका चिकटून असतो की फ्लोटला तो एकच वाटतो. एकाच्या खालची पुढची पायरी जी फ्लोटला दिसते, तिचा कोन काढून पृथ्वीच्या त्रिज्येने गुणला की येतात २.२ किलोमीटर. त्याखालची पायरी ३.१. मधलं जग त्याच्या लेखी नाहीच. छोट्या अंतरालाही न चुकणारं हॅवरसाइनचं सूत्र घेतलं, आकडे जास्त नेमक्या ‘डबल’मध्ये नेले, फाटक जागेवर आलं.

खरं तर एवढ्या छोट्या अंतराला इतक्या सोहळ्याची गरज नव्हती. आपल्या भागात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५. दोन्ही फरक घेऊन पायथागोरस लावला तरी काम भागतं. पण आता चाललंय ते चालू दे.

५ जुलै, शनिवार

यादी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कॅमेऱ्यांसाठी वेगळी खूण आहे. तिथून आमचा पट्टा उतरवला. पुष्कळ गाळलेलं. त्यामुळे यंत्राला एक बटन लावलं आणि बायकोला शेजारी बसवलं. कमान किंवा कॅमेऱ्याचा खांब डोक्यावरून गेला की बटन दाबायचं, जागा कार्डावर लिहिली जाते. ताशी १०० ने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, आणि हे मॉड्यूल सेकंदाला एकदाच ठिकाण सांगतं. त्यात बायको कमानी मोजता मोजता बहिणीशी फोनवर बोलत होती. नोंदी पन्नास-साठ मीटरने इकडेतिकडे.

घाटात धुकं आणि मुसळधार पाऊस. जीपीएसला ढगांचं काही वाटत नाही. मला वाटत होतं.

१२ जुलै, शनिवार

पहिली खरी फेरी. इशारा ५०० मीटर आधी. १०० च्या वेगाने हातात १८ सेकंद मिळतात.

बझर इतका वाजला की लोणावळ्याच्या आधीच त्याच्यावर रुमाल टाकावा लागला. मुंबईकडे जाताना पुण्याकडच्या मार्गिकेवरचे कॅमेरेही तो धरत होता. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे रस्त्याची दिशा लिहून ठेवायला हवी. आपली दिशा तिच्या १५ अंशांत असेल तरच ओरडायचं.

१३ जुलै, रविवार

परतताना उलट तक्रार: घाटात गप्प. वळणावर गाडीचं तोंड भराभर फिरतं, १५ अंशांत सापडतच नाही. मर्यादा ३० केली. तरी एक कॅमेरा चुकतच होता. घरी येऊन पाहिलं, त्याची दिशा ३५६, माझी ४. वजाबाकी ३५२. उत्तर दिशा ओलांडली की अंश परत शून्यापासून सुरू होतात हे प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी विसरतो म्हणे. मी तिसऱ्यांदा.

जुना मुंबई-पुणे रस्ता हे वेगळं दुखणं. काही ठिकाणी तो द्रुतगती मार्गाला इतका खेटून जातो की दिशाही तीच आणि अंतरही शे-दीडशे मीटर. घाटात तर खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत दोन्ही रस्ते एकाच अंगावरून चढतात. ब्रिटिशांच्या काळातला अमृतांजन पूल ज्या ठिकाणी एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो हाच अडकणारा भाग. सध्या उपाय: यंत्राला जुन्या रस्त्याचं एक वेगळं बटन. त्या रस्त्याने गेलो की दाबायचं. ओबडधोबड आहे, चालेल.

१९ जुलै, शनिवार

पनवेलला मामा भेटला. म्हणजे खरा मामा, आईचा धाकटा भाऊ. पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी चालवतो, विमानतळ ते पुणे. त्याच्या गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर आहे, त्यामुळे सपाटीवर त्याला चलनाची भीती नाही. यंत्र हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं.

“हे काय करतं?”

“कॅमेरा जवळ आला की सांगतं.”

“आणि मग तू काय करतोस?”

“ब्रेक मारतो.”

“मागचा काय करतो?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाने चहाचा कप ठेवला. “घाटात ब्रेकवर उतरणारा माणूस ड्रायव्हर नाही रे भाचेबुवा. तिसरा टाकायचा आणि गप बसायचं. गाडी स्वतःच धरून ठेवते. तुझ्या ह्या डबीला तिसरा टाक म्हणायला शिकव.”

हसण्यावारी नेलं. नोंद मात्र करून ठेवतो.

२ ऑगस्ट, शनिवार

विजेच्या दोन कटकटी. गाडी स्टार्ट करताना बॅटरीचा दाब क्षणभर नऊच्या खाली जातो आणि ईएसपी३२ ‘ब्राउनआउट’ म्हणत नव्याने सुरू होतो, जीपीएसही पुन्हा उपग्रह शोधायला लागतो. ईएसपीला हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, त्याआधी डायोड. सुटलं.

दुसरी विचित्र. काही फेऱ्यांत उपग्रह दहा, काही फेऱ्यांत तीन. दोन आठवड्यांच्या नोंदी चाळल्यावर धागा लागला: डॅशकॅम चालू असला की तीन. स्वस्तातला डॅशकॅम आणि त्याचा चार्जर जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास इतका कचरा फेकतात की उपग्रहाची क्षीण हाक त्यात बुडून जाते. अँटेना डॅशबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नेला, डॅशकॅमच्या वायरला असला कचरा शोषणारा फेराइटचा मणी घातला. आता नऊ-दहा.

पडद्याचं एक राहिलंच. ओएलईडी रात्री डोळ्यांत घुसतो आणि दुपारी दिसत नाही. वाचायला मान खाली घातली की एका सेकंदात २८ मीटर आंधळे. काढून टाकला. त्या जागी तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. महिनाभराच्या कार्डावरच्या नोंदींचा आलेख काढला. आडवं अंतर, उभा वेग. आणि बघत बसलो.

आलेख कंगव्यासारखा आहे. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी एक खोल दात: १०८, १०९, मग बझर, मग ९६, कमान ओलांडली की परत १०८. १०० वरून ८० वर हळुवार यायला साधारण ९० मीटर पुरतात. माझे काही दात त्याहून उभे आहेत. म्हणजे कचकचीत ब्रेक. मामाचा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा होता, मागचा काय करतो.

आणि यात एक विनोद आहे. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात एका जागी वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांबरोबर सरासरी वेग काढणारेही आहेत. एका कमानीखाली नंबरप्लेट वाचली, पुढच्या कमानीखाली पुन्हा वाचली, मधलं अंतर माहीत, भागाकार केला की झालं. तिथे कमानीपाशी ब्रेक मारून काही होत नाही. माझं यंत्र महिनाभर मला अशा जागी वाकून नमस्कार करायला लावत होतं जिथे देव नव्हताच.

हिशेब मांडला. दोन कमानी दहा किलोमीटरवर आहेत असं धरू, मर्यादा १००. नियमाने सहा मिनिटं लागायला हवीत. पहिले सहा किलोमीटर १२० ने काढले तर तीन मिनिटं गेली. उरलेल्या चार किलोमीटरला निदान तीन मिनिटं घालवायला हवीत, म्हणजे ८० च्या वर जायचं नाही. आधी कमावलेलं सगळं परत द्यावं लागतं. आणि द्रुतगती मार्गावर डाव्या मार्गिकेत ट्रकच्या मागे ८० ने जायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

कुठल्या कमानीची जोडी कुठल्या कमानीशी लावली आहे हे मला बाहेरून कळणार नाही. कळून घ्यायचीही गरज नाही. अख्खा रस्ताच एक कॅमेरा मानायचा. रस्त्याचे किलोमीटर कळंबोलीकडून मोजतात. घाट किलोमीटर ३५.५ ते ५२, तिथे मोटारींना ६०. अलीकडे पलीकडे १००. बस. कॅमेऱ्यांची सगळी यादी, बायकोचं बटन, दिशांचे अंश, ३५६ आणि ४, सगळं आता दुय्यम. थोडं वाईट वाटलं. ती यादी करायला सहा शनिवार गेले.

नवीन कल्पना: उधारी. मर्यादेच्या वेगाने इतकं अंतर कापायला जितके सेकंद लागले असते, त्यातून प्रत्यक्ष लागलेले सेकंद वजा करायचे. मी मर्यादेहून पुढे धावतोय तितके सेकंद माझ्या नावावर उधार. उधारी शून्य, हिरवा. दहा सेकंदांच्या आत, पिवळा. वर, लाल.

माझ्या चलनाच्या दिवशीचा घाट या हिशेबात घातला, पूर्ण साडेसोळा किलोमीटर ७४ ने उतरलो असं धरून. ६० ने साडेसोळा मिनिटं. ७४ ने तेरा मिनिटं तेवीस सेकंद. वाचले तीन मिनिटं सात सेकंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला हजार ते दोन हजारांचा दंड आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. पहाटे निघूनही कोकणात जाणाऱ्यांच्या रांगेत सापडलो. सरासरी ३१. दिवा सगळा वेळ हिरवा. यंत्राची यशस्वी चाचणी.

३१ ऑगस्ट, रविवार

मामाला पुण्याचे गणपती बघायचे होते, म्हणून परतीला गाडीत. खालापूरच्या फूड मॉलला थांबलो. वडापाव, चहा, वीस मिनिटं. पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी मुद्दाम जरा दामटली, यंत्र कसं लाल होतं ते दाखवायला. १०५, ११०. दिवा हिरवा. ११५. हिरवा.

“तुझ्या डबीला झोप लागली वाटतं.”

मग लक्षात आलं. वीस मिनिटं उभे राहिलो, त्याचे बाराशे सेकंद यंत्राने माझ्या खात्यावर जमा धरले होते. आता मी कितीही पळवली तरी ते संपेपर्यंत तो ओरडणार नव्हता.

मामा खिडकीकडे तोंड करून हसत होता. “म्हणजे वडा खाल्ला की उधारी माफ. सावकार चांगला शोधलास.”

रात्री दुरुस्ती: जमा कधीच धरायची नाही. उधारी शून्याखाली जाणार नाही, थांबलात, रेंगाळलात तरी पुढचा हिशेब शून्यापासून. हे पोलिसांच्या गणितापेक्षा कडक आहे, कारण खऱ्या सरासरीत वाटेतला थांबा मोजला जातोच. पण वडा खाऊन ११५ ने जाणं हा माझा उद्देश नव्हता. शिवाय उधारी काहीही असो, या क्षणाचा वेग मर्यादेवर गेला तर पिवळा लागेल. उड्डाणपुलावर लेझर गन घेऊन उभी असलेली इंटरसेप्टर गाडी सरासरी काढत बसत नाही, आणि ती आज इथे तर उद्या तिथे. कुठल्याच यादीत नसते.

रात्रीच मामाकडून आवाज भरून घेतला. एमपीथ्री वाजवणारं छोटं मॉड्यूल आणि एक स्पीकर आधीच आणून ठेवला होता. तीन वाक्यं: “पाय काढ.” “तिसरा टाक.” “बरं चाललंय.” तिसरं मी सांगितलं नव्हतं, मामाने स्वतःहून घातलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवीन प्रोग्रॅमची पहिली पूर्ण फेरी. मुंबईकडे जाताना किलोमीटर ५३ ला, घाट सुरू व्हायच्या हजार मीटर आधी, मामा बोलला: “तिसरा टाक.” टाकला. इंजिन जरा घुमलं आणि गाडी ५५ ते ६० मध्ये आपली आपण उतरत राहिली. ब्रेक चार-पाच वेळा, तेही समोरच्यामुळे. आलेख घरी येऊन पाहिला, घाटात एकही दात नाही.

सपाटीवर मात्र एक गोष्ट माझीच मला पकडता आली. यंत्र नव्हतं तेव्हा मी काटा १०० वर ठेवायचो, म्हणजे खरे ९५. आता खरा वेग कळतो म्हटल्यावर काटा १०५ वर जातो. सुरक्षेसाठी केलेल्या यंत्राने मला ताशी पाच किलोमीटर जोरात चालवायला शिकवलं. मर्यादा ९७ ला लावून टाकली आहे.

बायकोचं मत: “तुझ्या मामाबरोबर मी मुंबईपर्यंत जाणार नाही.” विशेषतः “बरं चाललंय” दर दहा मिनिटांनी लागतं त्यावर तिचा आक्षेप आहे. ते काढून टाकलं. मामाला कळवलेलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

स्टुटगार्टला असलेल्या वर्गमित्राला फोटो पाठवले होते. त्याला एक हवं होतं. मग तासाभराने त्याचाच मेसेज: नको. जर्मनीत चालवणाऱ्याने कॅमेऱ्याचा इशारा देणारं यंत्र चालू ठेवणं किंवा वापराच्या तयारीत जवळ बाळगणं यालाच बंदी, ७५ युरो आणि परवान्यावर एक गुण. फोनवरचं अ‍ॅपसुद्धा त्यात आलं. फ्रान्सची तऱ्हा आणखी मजेशीर. तिथे २०१२ पासून ही यंत्रं कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगू शकत नाहीत, फक्त ‘धोक्याचा पट्टा’ सांगतात. मोठ्या महामार्गावर चार किलोमीटरचा, शहरात ३०० मीटरचा. म्हणजे फ्रेंच सरकारने कायद्याने जे करायला लावलं, तिथे मी सहा शनिवार वाया घालवून पोचलो.

आपल्याकडे नियमच उलट्या अंगाने लिहिलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ, ऑगस्ट २०२१ चा: कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक पाटी लावायची, आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पोचवायची. म्हणजे ‘पुढे मामा आहेत’ हे सांगणं सरकारने स्वतःवर घेतलेलं आहे. मी फक्त पाटी वाचून दाखवणारा ठेवलाय.

मित्राला उधारीचा प्रोग्रॅम कॅमेऱ्यांच्या यादीशिवाय पाठवला. त्यात कॅमेरा हा शब्दच नाही, नुसता वेग, अंतर आणि घड्याळ. तिथल्या कायद्यात बसतं का ते त्याने वकिलाला विचारावं. आवाज मामाचाच ठेवलाय. स्टुटगार्टच्या उतारावर “तिसरा टाक” ऐकून त्याची बायको घाबरली म्हणे. त्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मामाला दुसरं यंत्र करून दिलं, दिवाळीची भेट म्हणून. त्याने स्पीकरची वायर तिथल्या तिथे कापली. “दिवसभर पॅसेंजर बोलतो, त्यात मी स्वतःचाच आवाज ऐकू?” दिवे ठेवले.

१ नोव्हेंबर, शनिवार

बोगदे. भाताणचा बोगदा सुमारे एक किलोमीटरचा, आत उपग्रह दिसत नाहीत. १०० ने छत्तीसेक सेकंद यंत्र आंधळं. आतापर्यंत शेवटचा वेगच पुढे चालू आहे असं धरत होतो आणि एवढ्याशा वेळात फारसं बिघडत नव्हतं. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिले दोन-तीन सेकंद जीपीएस वेड्यासारखे आकडे देतो. आज एकदा १६३ आले आणि लाल दिव्यासकट मामा “पाय काढ” म्हणाला. उपग्रह पाचाहून कमी असतील तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी अट घातली.

काळजी पुढची आहे. घाटाला वळसा घालणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चं काम चालू आहे. त्यातला मोठा बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरचा आहे. १०० ने गेलं तरी पाच मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ शेवटच्या वेगावर उधारी मोजणं म्हणजे अंदाजपंचे. गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या खाचेतून, वेग घ्यावा लागेल. तो पूर्ण आकड्यांत येतो, दशांश नाही, आणि थोडा चढाही असू शकतो. तेव्हा बोगद्याच्या आधी मोकळ्या आकाशाखाली जीपीएसशी ताडून गुणक काढायचा आणि आत तो लावायचा. माझी गाडी २०१४ ची आहे, सॉकेट स्टिअरिंगखाली आहे हे पाठीवर झोपून तपासलं. ओबीडीचा अडॅप्टर मागवला.

मामाचा फोन. त्याच्या यंत्रातला लाल दिवा गेलाय. मी म्हटलं, शनिवारी येतो तेव्हा बदलून देतो. तर म्हणाला, घाई नाही, तो लागतच नाही. ओळखीच्या तिघा ड्रायव्हरांना मात्र एकेक हवंय, आणि त्यांना आवाज पाहिजे. वायर कापलेला स्पीकर त्याने जपून ठेवलाय.